किल्लीच्या आवाजावरून घर ओळखणारी मुलं

रानजाई (धागाकर्ती)

हे बरेच दिवस लिहायचं होतं. मी समुपदेशक आहे. १४ ते २१ वयाच्या मुलामुलींशी बोलणं हे माझं रोजचं काम. खाली जी मुलं येतील ती कुणी एकेक नाहीत, अनेकांची मिळून केलेली आहेत आणि तपशीलही बदलले आहेत.

सतरा वर्षांच्या एका मुलीला विचारलं, "घरी वातावरण कसं असतं?" ती म्हणाली, "बाबा कुलूप कसं उघडतात त्यावर आहे." किल्ली एका झटक्यात फिरली तर जेवणं नीट होणार. दोन-तीनदा खडखडली, भोकात नीट गेली नाही, की ही धाकट्या भावाला घेऊन आतल्या खोलीत. सहा वर्षांची असल्यापासून ती हे करत आली होती. हे सांगताना आवाजात रडणं नव्हतं, तक्रार नव्हती. छत्री घेऊन निघावं का हे जसं आपण आभाळाकडे बघून ठरवतो, तसं ती सांगत होती.

मग ती तिच्या मित्राबद्दल बोलू लागली. वर्षभराचं नातं. त्याचा मेसेज आला होता, नुसता 'ओके.' तिनं स्क्रीन माझ्यापुढे धरली. "बघा ना, पुढे पूर्णविराम दिलाय." त्या पूर्णविरामानंतर वीस मिनिटांत तिनं अकरा मेसेज पाठवले होते, सगळे माफीचे. कशाची माफी, ते तिला सांगता येईना. त्या मुलाकडे तिचे सगळे पासवर्ड होते. मैत्रिणींबरोबर कुठेही गेली की लोकेशन पाठवायचं. एकदा त्यानं तिचं मनगट असं पिरगाळलं होतं की आठवडाभर तिला त्या हातानं पेन धरता येत नव्हतं. आणि वाक्य काय? "पण तो बाबांसारखा नाही हो. तो नंतर रडतो."

या एका वाक्यामुळे हा धागा काढतेय. लहानपणी घरात सोसलेला छळ आणि तरुणपणी प्रेमसंबंधात सोसलेली किंवा केलेली हिंसा यांचा संबंध आहे, हे आता बऱ्यापैकी पक्कं आहे. पण तो संबंध नेमका कशातून जातो यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. "बघून शिकतात" एवढं म्हणून विषय मिटवला जातो. मला वाटतं, नुसतं बघून शिकण्यापेक्षा जास्त काही घडत असतं.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सेथ पोलाक यांनी २००० नंतरच्या काही वर्षांत मुलांना चेहऱ्यांची चित्रं दाखवली. चित्र आधी धूसर, मग हळूहळू स्पष्ट होत जाणारं. घरात मार खाल्लेल्या मुलांना रागाचा चेहरा इतर मुलांच्या कितीतरी आधी ओळखता आला, चित्र अजून धूसर असतानाच. आनंदी चेहऱ्याच्या बाबतीत त्यांची अशी आघाडी नव्हती. म्हणजे या मुलांची नजर अधू होत नाही, उलट एकाच गोष्टीसाठी ती भलतीच तीक्ष्ण होते. ती तीक्ष्णता त्यांना त्या घरात वाचवते. पुढे त्याच नजरेनं ती प्रेमाच्या माणसाकडे बघतात. समोरचा दमलेला असतो, यांना चिडलेला दिसतो. समोरचा गप्प असतो, यांना वादळाआधीची शांतता वाटते.

आणि इथून दोन वाटा फुटतात. एक वाट त्या मुलीची : धोका दिसला की आधीच शरण जा, माफी माग, स्वतःला आणखी लहान कर. दुसरी वाट : धोका दिसला की समोरच्यानं काही करण्याआधी आपणच चढ. केनेथ डॉज आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे लहान मुलांत दाखवलं होतं. शारीरिक मार खाल्लेली मुलं समोरच्याच्या साध्या वागण्यातही वाईट हेतू बघतात, आणि भांडण सोडवायचे मार्ग विचारले की त्यांना मारामारीचे मार्ग आधी सुचतात. ती मुलं जेमतेम पाच वर्षांची होती. त्यांना बारा वर्षं पुढे नेऊन हातात मोबाईल द्या आणि कुणाच्या तरी प्रेमात पडू द्या.

तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं येऊ दे. फक्त कुणाची ओळख पटेल असं काही लिहू नका, ही विनंती.

---

शेवटचं बाक

लेख कळकळीनं लिहिलाय हे दिसतं. पण स्पष्ट बोलतो, आमच्या पिढीनं भरपूर मार खाल्ला. पट्टी, पट्टा, जे हाताला लागेल ते. आम्ही कुणी बायकोवर हात टाकत नाही. आता प्रत्येक गोष्टीला बालपण कारणीभूत म्हटलं की मुलगा मुलीला मारणार आणि वर म्हणणार, मी काय करू, माझं बालपण वाईट गेलं. ही पळवाट होत नाही का?

---

रानजाई

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत.

पहिला : मार खाल्लेले सगळे बिघडत नाहीत. शंभर टक्के खरं. कॅथी स्पॅट्झ विडम यांचा १९८९ सालचा अभ्यास या विषयातला पाया मानतात. अमेरिकेतल्या एका भागात १९६७ ते १९७१ या काळात ज्यांचा छळ किंवा हेळसांड झाल्याचं कोर्टात सिद्ध झालं होतं अशी ९०८ मुलं, आणि त्याच वयाची, तशाच परिस्थितीतली पण अशी नोंद नसलेली ६६७ मुलं. अल्पवयात अटक झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात १७. फरक आहे, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण पहिल्या गटातही जवळपास चारातल्या तिघांना अटक झाली नाही! पालकत्वाबद्दलही तसंच. १९८७ मध्ये कॉफमन आणि झिगलर यांनी तोवरचे अभ्यास तपासून अंदाज मांडला की लहानपणी छळ झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के पुढे स्वतःच्या मुलांना छळतात. म्हणजे बहुतेकजण तसं करत नाहीत.

म्हणून मला 'दुष्टचक्र' हा शब्द आवडत नाही. चक्र म्हटलं की ते फिरणारच असं वाटतं. माझ्यासमोर बसलेला एक मुलगा मला म्हणाला होता, "मॅडम, मी लग्नच करणार नाही. माझ्या रक्तात आहे ते." एकोणीस वर्षांचा. त्यानं कधी कुणाच्या अंगाला बोटही लावलं नव्हतं. त्याच्या डोक्यात हे कुणी भरवलं? चांगल्या हेतूनं लिहिलेल्या लेखांनीच.

दुसरा प्रश्न पळवाटेचा. कारण कळणं आणि माफ करणं वेगळं. तो मुलगा मनगट पिरगाळतो तेव्हा तो शिक्षकांचं मनगट पिरगाळत नाही, ट्रॅफिक हवालदाराचं तर नाहीच. कुठे हात उचलायचा आणि कुठे नाही हे त्याला बरोबर कळतं. जबाबदारी त्याचीच. पण तो हात खाली कसा ठेवायचा हे शिकवायचं असेल तर तो वर का जातो हे बघावंच लागेल.

आणि एक विचारते, राग मानू नका. पट्टा काढण्याचा आवाज आजही ओळखता येतो का तुम्हाला?

---

शेवटचं बाक

येतो.

---

आकडेमोड

मी याच विषयाच्या आसपास संशोधन करतो, म्हणून थोडं सावध करावंसं वाटतं. संबंध आहे, पण त्याचा जोर किती हे नीट समजून घ्यायला हवं. स्टिथ आणि सहकाऱ्यांनी २००० साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. हिंसक घरात वाढणं आणि पुढे जोडीदाराला मारणं यांचा सहसंबंध ०.१८ निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). आमच्या भाषेत हा कमजोर ते मध्यम. म्हणजे एका मुलाचं बालपण ऐकून तो पुढे कसा वागेल हे सांगता येत नाही, आणि कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

मात्र अनुभव एकावर एक चढत गेले की चित्र बदलतं. मोठ्या 'ॲडव्हर्स चाइल्डहूड एक्सपीरियन्सेस' (बालपणीचे वाईट अनुभव) अभ्यासातली माहिती वापरून २००३ मध्ये आठ हजारांवर प्रौढांचं विश्लेषण झालं. शारीरिक मार, लैंगिक अत्याचार आणि आईला मार खाताना बघणं, या तिन्हींपैकी प्रत्येकानं जोडीदाराच्या हिंसेचा धोका साधारण दुप्पट होत होता. तिन्ही सोसलेल्या स्त्रियांमध्ये मार खाण्याचा धोका ३.५ पट, पुरुषांमध्ये मारण्याचा ३.८ पट.

आणखी एक अडचण. मोठ्या माणसाला "लहानपणी तुझा छळ झाला का?" विचारणं आणि त्याच वेळी झालेली नोंद तपासणं, यातून वेगवेगळी माणसं सापडतात. २०१९ मधल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की या दोन पद्धतींत फारच कमी मेळ बसतो. ज्यांची नोंद आहे त्यातले बरेच जण "नाही" म्हणतात, आणि जे "हो" म्हणतात त्यांच्यापैकी अनेकांची नोंदच नसते. कुणी खोटं बोलतं असा याचा अर्थ नाही. बरंचसं कधी उघडकीला येत नाही, आणि जे येतं ते माणूस विसरतो किंवा त्याला छळ म्हणत नाही. "पट्टा होता, पण छळ नव्हता" असं.

---

बिनखिडकीची खोली

मला कुणी कधीच मारलं नाही. म्हणून हा धागा माझा नाही असं वाटून दोनदा बंद केला.

आमच्या घरात कुणी ओरडायचंही नाही. कुणी काही विचारायचंच नाही. ताप आला तर मी स्वतः गोळी शोधून घ्यायचे, आठ वर्षांची असताना. बक्षीस मिळालं तर दाखवायला कुणी नसायचं. पुढे एक मुलगा भेटला जो दिवसातून चाळीसदा विचारायचा. कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, काय घातलंयस, फोटो पाठव. मैत्रिणी म्हणाल्या, हा वेडा आहे, पळ. मला मात्र वाटायचं, अखेर कुणाला तरी पडलीये माझी. तीन वर्षं. त्यात दोनदा त्यानं मला भिंतीवर ढकललं, आणि तेव्हाही मनात पहिला विचार हाच आला की निदान हा माझ्यावर चिडतो तरी.

याला काय म्हणायचं मला माहीत नाही.

---

रानजाई

हा धागा तुमचा आहे. बरं झालं तिसऱ्यांदा उघडलात.

छळाच्या कोणत्याही गंभीर व्याख्येत हेळसांड येतेच, मारणं आणि लैंगिक अत्याचार यांच्या बरोबरीनं. तिला वळ नसतात म्हणून ती दिसत नाही, एवढंच. विडम यांच्या त्या अभ्यासात नुसती हेळसांड झालेली मुलंही होती आणि पुढे हिंसक गुन्ह्यांकडे जाण्याचा धोका त्यांच्यातही वाढलेला दिसला.

बाउल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी मांडलेला अटॅचमेंटचा, म्हणजे जवळच्या माणसाशी जडणाऱ्या बंधाचा, सिद्धांत थोडक्यात असा : बाळ रडल्यावर कुणी येतं की नाही, आणि आलं तर कसं येतं, यावरून ते जवळच्या माणसाबद्दलची अपेक्षा बांधतं. १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी हाच विचार प्रौढांच्या प्रेमाला लावला. कुणीच न आलेल्या मुलाला पुढे पाळत आणि माया यांतला फरक ओळखणं अवघड जातं, कारण दोन्हींत कुणीतरी आपल्याकडे बघत असतं. तुम्ही तीन वर्षं वेड्यासारखं वागलात असं मला अजिबात वाटत नाही. भुकेल्या माणसानं हाताला लागेल ते खाल्लं, तसं आहे ते.

---

सांजवेळ

@बिनखिडकीची खोली, तुमचा प्रतिसाद वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. एवढंच सांगायला आले.

---

कोपर

हा आयडी आजच काढलाय.

मी मारणाऱ्यांपैकी आहे. होतो की आहे, माहीत नाही. वय २३.

लहानपणी वडील मारायचे तेव्हा मी डावं कोपर वर करून चेहरा झाकायचो. उजव्या हातानं दप्तर किंवा जे काही असेल ते धरलेलं. इतकी सवय होती की शाळेत कुणी नुसता हात हलवला तरी कोपर वर. मुलं हसायची.

मागच्या वर्षी माझं आणि तिचं भांडण झालं. तिनं फोन उलटा ठेवला, एवढंच. मी विचारलं, कुणाचा मेसेज आहे. ती म्हणाली, कुणाचा नाही. मी फोन घेण्यासाठी हात पुढे केला, जोरात. मी मारायला गेलो नव्हतो. पण तिचं डावं कोपर वर गेलं. अगदी तसंच. चेहरा झाकलेला, डोळे घट्ट मिटलेले.

त्याआधी मी तिला दोनदा थोबाडीत मारली होती. ते लिहायचं टाळत होतो. म्हणूनच तिचं कोपर वर गेलं.

मी आयुष्यभर स्वतःला त्या कोपराच्या मागे उभा असलेला समजत होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की मी त्याच्या पुढे उभा आहे.

ती आठ महिन्यांपूर्वी निघून गेली. चांगलं केलं. मला तिची माफी मागायची आहे. पत्र लिहिलंय, चार पानी. पाठवू का?

---

सांजवेळ

नको.

मी तिच्या जागी होते म्हणून सांगते. सोडल्यावर वर्षभरानं मलाही असं पत्र आलं होतं. सुंदर होतं. ते वाचून मी पुन्हा कुलूप तपासायला लागले, रात्री चारदा. त्याला हलकं वाटलं असेल. माझ्या मनात मात्र एकच आलं, याला माझा पत्ता माहीत आहे.

तुमचं पत्र खरं असेल. पण ते तिनं मागितलेलं नाही. ते घेऊन एखाद्या समुपदेशकाकडे जा आणि तिथे मोठ्यानं वाचा.

आणि एक. तुम्ही थोबाडीत मारल्याचं लिहिलंत, 'टाळत होतो' हेही लिहिलंत. माझ्या माणसानं ते कधीच लिहिलं नव्हतं. त्याच्या पत्रात 'जे काही झालं' असं होतं.

---

रानजाई

सांजवेळ यांनी लिहिलंय त्यात माझ्याकडून एका शब्दाची भर नाही.

@कोपर, एवढंच सांगते : 'राग आवरायचे उपाय' शोधत बसू नका. राग हा यातला फार छोटा भाग आहे. फोन उलटा ठेवलेला दिसल्यापासून हात पुढे जाईपर्यंत तुमच्या आत काय काय घडलं, ते सेकंदासेकंदानं कुणाबरोबर तरी बसून बघा. आणि नवं नातं सुरू करायची घाई करू नका.

---

शेवटचं बाक

परवा जरा तोऱ्यात लिहिलं होतं. @कोपर, तुमचं वाचून झोप आली नाही. मी बायकोवर हात टाकत नाही हे खरंच आहे. पण माझा आवाज चढला की मुलगी वही बंद करून उठते. ते मी आजवर 'धाक' समजत होतो.

---

दोन कप

नमस्कार. पहिल्यांदाच लिहिते आहे. माझी मुलगी सोळा वर्षांची. एका मुलाबरोबर आहे, मला सांगितलेलं नाही पण कळतं. फोन आला की तिचा चेहरा उतरतो. मानेवर एकदा लाल खुणा दिसल्या, म्हणाली ओढणीची गाठ बसली.

माझ्या नवऱ्यानं मला मारलेलं तिनं पाहिलं आहे. दहा वर्षांची होईपर्यंत. मग आम्ही दोघी बाहेर पडलो. मला आता वाटतं, मी उशिरा निघाले. मी चार वर्षं आधी निघाले असते तर? तिचा फोन काढून घेऊ का? त्या मुलाच्या घरी जाऊ का? कृपया कुणीतरी सांगा.

---

रानजाई

ताई, आधी त्या खुणांबद्दल, कारण बाकी सगळं नंतर बोलता येईल.

गळा दाबणं हे थोबाडीत मारण्याच्या रांगेतलं नाही. ते फार वेगळं आहे. ज्या स्त्रियांचा जोडीदारानं आधी कधी गळा आवळला होता, त्यांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका इतर मारहाण झालेल्यांपेक्षा सुमारे सात पट आढळला आहे. बाहेर खूण पुसट असली किंवा नसली तरी आत सूज येऊ शकते. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, मधली काही मिनिटं न आठवणं, यातलं काहीही असेल तर लगेच डॉक्टर, आणि डॉक्टरला गळा दाबल्याची शंका स्पष्ट शब्दांत सांगा. तसंच तो 'सोडलंस तर जिवाचं बरंवाईट करीन' किंवा 'तुला सोडणार नाही' म्हणत असेल, पाठलाग करत असेल, तर हे आई-मुलीनं घरात मिटवायचं प्रकरण नाही. मुलांसाठीची किंवा महिलांसाठीची हेल्पलाइन, पोलीस, जे जवळचं असेल ते.

फोन काढून घेऊ नका. फोन गेला की तो गप्प बसणार नाही, तो प्रत्यक्ष येईल, आणि ती तुम्हाला काहीही सांगणं बंद करेल. त्याच्या घरीही तिला न विचारता जाऊ नका. नातं तुटण्याचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो, तो तिच्याबरोबर बसून आखावा लागतो : कुणाला सांगायचं, कुठून घरी यायचं, कोणते पासवर्ड कधी बदलायचे.

बोलायचं कसं? "तो तुला मारतो का?" विचारलंत तर "नाही" असंच उत्तर येईल. "तो चिडला की तू काय करतेस?" असं विचारा. याला उत्तर येतं. मग फक्त ऐका. "मी तुला सांगितलं होतं" आणि "तुला कळत नव्हतं का" ही दोन वाक्यं तेवढी गिळा.

आणि उशिरा निघाल्याबद्दल. मिनेसोटात एगलँड आणि सहकाऱ्यांनी अशा आयांचा अभ्यास केला होता ज्यांचा लहानपणी छळ झाला होता. काहींनी तो पुढे मुलांवर उतरवला, काहींनी नाही. ज्यांनी उतरवला नाही त्यांच्या आयुष्यात काय वेगळं होतं? लहानपणी मायेनं वागणारा, न मारणारा एक तरी मोठा माणूस. कधीतरी मिळालेलं समुपदेशन. आणि पुढे आधार देणारा, नीट वागणारा जोडीदार. तुमच्या मुलीकडे यातला पहिला आहे. तिनं मार पाहिला तसं तुम्ही दार उघडून बाहेर पडलेलंही पाहिलं आहे, दहा वर्षांची असताना, डोळ्यांनी.

---

आकडेमोड

@दोन कप, अशा प्रसंगी संशोधनाचं बोलणं कोरडं वाटेल, पण तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहितो : सोळा हे उशिराचं वय नाही.

कॅनडात डेव्हिड वुल्फ यांनी नेमका हाच गट घेतला होता. १४ ते १६ वयाची १५८ मुलंमुली, सगळ्यांच्या मागे छळाचा इतिहास. त्यातल्या काहींसाठी १८ सत्रं, गटात. चालवायला एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी, म्हणजे दोघं बरोबरीनं कसं बोलतात, मतभेद कसे मिटवतात, हे मुलांना समोर दिसावं. नुसती व्याख्यानं नव्हती. प्रसंग करून बघायचे, आणि मदत करणाऱ्या संस्थांमध्ये स्वतः जाऊन यायचं, म्हणजे गरज पडली तर दार ओळखीचं असेल. २००३ साली निकाल आले. ज्यांना हे मिळालं त्यांच्या नात्यांमधली शारीरिक आणि मानसिक हिंसा काळाबरोबर जास्त कमी झाली, आणि आघाताची लक्षणंही उतरली.

मग त्याच मंडळींनी ते शाळेत सगळ्यांसाठी नेलं. नाव 'फोर्थ आर' : वाचन, लेखन, गणित यांच्या जोडीला चौथा विषय नातेसंबंध. २० शाळा, १७२२ विद्यार्थी, २१ पाठ. अडीच वर्षांनंतर प्रेमसंबंधात शारीरिक हिंसा केल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ज्या शाळांत हे शिकवलं नाही तिथे ९.८ टक्के, शिकवलं तिथे ७.४. फरक मुख्यतः मुलग्यांमध्ये होता. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं : एकाहून जास्त प्रकारचा छळ सोसलेल्या मुलांमध्ये हिंसक वर्तनाचा धोका त्या शाळांत बराच कमी राहिला. त्यांना वर्गातून उठवून 'तुम्ही धोक्यातले' असं काही सांगावं लागलं नाही. सगळ्यांबरोबर बसून शिकली ती.

---

मोरपीस

एक राहतंय. मुलगेही मार खातात. माझी मैत्रीण मला चावायची, नखं मारायची, आणि सगळे हसायचे, "काय रे, मांजर पाळलीस का?" तिच्या आईनं तिला काय केलं होतं ते मला माहीत होतं, म्हणून मी दोन वर्षं गप्प बसलो. तिच्या दुःखाची कीव येत होती म्हणून स्वतःचे हात झाकले. पूर्ण बाह्यांचे शर्ट, भर उन्हाळ्यात.

---

रानजाई

@मोरपीस, हे लिहिल्याबद्दल आभार. हसणाऱ्यांना त्या बाह्या दिसायला हव्या होत्या. मुलींना होणारी इजा आणि भीती सरासरीनं जास्त असते, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधल्या विश्लेषणानुसार नात्यात असलेल्या किंवा लग्न झालेल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी जवळपास चौथ्या हिश्श्यानं जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. पण त्यामुळे तुमच्या हातावरची नखं कमी खरी होत नाहीत. तिचं बालपण तुम्हाला माहीत होतं, ते समजून घेणं हा तुमचा चांगुलपणा होता. मार खाणं त्या चांगुलपणात मोडत नाही.

---

दोन कप

परवा रात्री बोललो. फोन तिच्याच हातात होता. मी विचारलं, तो चिडला की तू काय करतेस? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू करायचीस तेच. शांत बसते आणि मोजते."

मला माहीत नव्हतं ती पाहत होती. मी मनात मोजायचे. ओठ हलत असावेत.

ओढणी नव्हती. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो, हेल्पलाइनलाही फोन केला, तिनंच बोलायचं ठरवलं. पुढचं इथे लिहीत नाही.

---

सांजवेळ

लिहू नका. दोघी जपून राहा.

---

कोपर

पत्र पाठवलं नाही. गुरुवारी पहिल्यांदा गेलो. पत्र तिथे वाचलं. दुसऱ्या पानावर थांबलो, कारण दुसऱ्या पानापासून सगळं माझ्याबद्दलच होतं.

त्यांनी विचारलं, हात पुढे जायच्या आधी शरीरात काय होतं? मी म्हटलं, काही नाही, एकदम होतं. त्यांनी परत विचारलं. परत तेच म्हटलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर आठवलं, जबडा. दात आवळले जातात, कानापाशी दुखायला लागतं.

वडिलांचा जबडा असाच आवळायचा. जेवताना मी ताटात बघायचो नाही, त्यांच्या कानाखाली बघायचो. तिथली शीर हलली की डावं कोपर तयार.

स्वतःची ती शीर मी कधी पाहिली नव्हती. पुढच्या गुरुवारपर्यंत, दिवसात कधी कधी हलते ते लिहून आणायला सांगितलंय. आजची पाच वेळा झालीये.